गळ्याच्या नळीवर सही करायची का?

पत्र

नमस्कार डॉक्टर,

आम्ही कराडच्या बाजूचे. माझा धाकटा भाऊ, वय २४, दहा दिवसांपूर्वी कंपनीतून रात्री घरी येताना बाईकवरून पडला. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. कराडला सिटी स्कॅन काढला आणि रात्रीतच पुण्याला आणलं. मेंदूवरची रक्ताची गाठ काढली. डोक्याचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलंय म्हणाले, ते ऐकूनच बाबा मटकन खाली बसले. तेव्हापासून तो व्हेंटिलेटरवर आहे. परवापासून डोळे उघडतो, पण आमच्याकडे बघत नाही. हात पलंगाला बांधून ठेवलेत. काल डॉक्टर म्हणाले, गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आहे, सही करा. मामा म्हणतात, गळ्याला भोक पाडलं की माणूस कायमचा मुका होतो. चुलतभावाचं मेडिकल आहे, तो म्हणतो मेंदूची सूज उतरायला हे स्टिरॉइड का देत नाहीत, आपण दुसरीकडे हलवू. गावातले म्हणतात, मेलेल्या माणसाला मशीनवर ठेवून बिल वाढवतात. पैसेही संपत आलेत. फाइलवर मी वाचलं, आला तेव्हा जीसीएस ६ होता, आता ‘ई ४, व्ही टी, एम ५’ लिहिलंय. म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. बाबा सही करत नाहीत. आईला आम्ही फक्त पाय मोडलाय एवढंच सांगितलंय. मी काय करू?

– एक बहीण

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही फाइलवरचे आकडे म्हणून मधेच लिहून टाकली आहे. आधी तेच आकडे उलगडून सांगते, कारण तुमच्या बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्याचे स्कॅन पाहिलेले नाहीत. तेव्हा त्याच्याबद्दलचा शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचाच. पण त्यांच्याशी काय बोलायचं, हे मी नक्की सांगू शकते.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. १९७४ साली ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी ते मांडलं आणि आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक आयसीयूत तेच वापरतात. तीन गोष्टी बघायच्या. डोळे उघडतो का, त्याला जास्तीत जास्त ४ गुण. बोलतो का, त्याला ५. हातपाय कसे हलवतो, त्याला ६. सगळे मिळून १५. काहीच प्रतिसाद नसला तरी प्रत्येकी एक गुण मिळतोच, म्हणून सगळ्यात कमी आकडा ३ असतो, शून्य नसतो. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर मार.

तुमचा भाऊ आला तेव्हा ६ होता. आता ‘ई ४’ म्हणजे डोळे आपणहून उघडतो. ‘व्ही टी’ मधला टी म्हणजे ट्यूब. तोंडातून नळी गेलेली असल्यामुळे बोलणं तपासताच येत नाही, म्हणून आकड्याऐवजी अक्षर. त्याला बोलता येत नाही असं तिथे लिहिलेलं नाही. आणि ‘एम ५’. या एम ५ कडे नीट बघा.

तो कसा तपासतात ते सांगते, म्हणजे तुम्हाला भेटीच्या वेळी स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. डॉक्टर भुवईच्या वरच्या हाडाच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबतात. नातेवाइकांना ते बघवत नाही. ‘आधीच एवढं लागलंय, वर कशाला छळताय’ असं बायका रडत म्हणतात, आणि मला त्यांचं समजतं. पण त्या क्षणी डॉक्टरांचं लक्ष चेहऱ्याकडे नसतं, हाताकडे असतं. काहीच हललं नाही तर एम १. हात कोपरात ताठ सरळ झाला तर २. कोपरात आकडी आल्यासारखा छातीकडे दुमडला तर ३. नुसता झटकन मागे घेतला तर ४. आणि हात वर येऊन, गळपट्टीच्या हाडाच्याही वर जाऊन, दाबणारा अंगठा ढकलायला लागला तर ५. म्हणजे कुठे दुखतंय हे मेंदूला कळलं, हाताला तिकडे जायचा हुकूम गेला आणि हात तिथे पोचला. सांगितलेलं ऐकून केलं, ‘जीभ काढ’ म्हटल्यावर जीभ काढली, की ६. तुमचा भाऊ त्याच्या एक पायरी अलीकडे आहे. गंभीर मारात पुढचा अंदाज बांधताना तीन आकड्यांतला हा हालचालीचा आकडाच आम्ही सगळ्यात जास्त बघतो. म्हणून रोज डॉक्टरांना ‘कसा आहे?’ असं विचारू नका, त्याला ‘स्टेबल आहे’ एवढंच उत्तर मिळतं. ‘आज एम किती आहे? दोन्ही बाजूंना सारखा आहे का? झोपेचं औषध चालू असताना तपासलाय की बंद करून?’ असं विचारा.

आता गावातल्या लोकांचं. मेलेल्या माणसाला मशीनवर ठेवतात, ही गोष्ट मी जवळजवळ प्रत्येक कुटुंबाकडून ऐकते, आणि तिच्यामागे खरी भीती असते म्हणून तिला झिडकारत नाही. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो. हृदय तो चालवत नाही. मेंदू पूर्ण थांबल्यावरही हृदय काही काळ आपल्या आपण चालतं, आणि म्हणूनच ब्रेन डेड ठरवायची पद्धत आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने बांधून दिलेली आहे. चार डॉक्टरांचं मंडळ, ठरलेल्या तपासण्या, आणि त्या सगळ्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. त्या तपासण्यांत डोक्याच्या नसांचा एकही प्रतिसाद उरलेला नसावा लागतो. घशात सक्शनची, म्हणजे कफ ओढून काढायची, नळी घातल्यावर खोकला येता कामा नये, मशीन बाजूला केल्यावर एकही श्वास येता कामा नये. तुमचा भाऊ दुखलं की हात नेतो. सिस्टर सक्शन करतात तेव्हा त्याला ठसका लागतो का, ते उद्या बघा. आणि सिस्टरना विचारा, ‘याचे स्वतःचे श्वास किती आहेत?’ व्हेंटिलेटरच्या पडद्यावर मशीनने दिलेले श्वास आणि पेशंटने स्वतः सुरू केलेले श्वास वेगळे ओळखता येतात, वेळ असेल तर त्या दाखवतीलही. गावाला उत्तर द्यायची गरज नाही. बाबांना मात्र तो पडदा दाखवा.

हात बांधलेत त्याचा तुम्हाला त्रास होतोय. होणारच. पण तेही याच एम ५ मुळे. ज्याचा हात दुखऱ्या जागेकडे जातो, त्याचा हात सगळ्यात आधी तोंडातल्या नळीकडे जातो. ती नळी एका हिसक्यात उपसली गेली तर पुढच्या काही मिनिटांत त्याचा जीव जाऊ शकतो. बांधणं मऊ पट्टीने असावं, मनगटाखाली एक बोट जाईल इतकं सैल असावं आणि अधूनमधून सोडून बघावं, एवढा आग्रह तुम्ही जरूर धरा. तुम्ही जवळ बसून हात धरणार असाल तर तेवढा वेळ सोडा म्हणा. बहुतेक सिस्टर सोडतात.

डोळ्यांचं मात्र मला जरा थांबवून सांगायचंय, कारण इथे आशा आणि गैरसमज दोन्ही फार चटकन होतात. गंभीर मारानंतर दोन ते चार आठवड्यांत बहुतेक पेशंट डोळे उघडतात. झोप आणि जाग यांचं चक्र मेंदूच्या मुळाशी, देठात असतं, ते लवकर परत येतं. भान त्याच्या मागून येतं, आणि काहींच्या बाबतीत येत नाही. तेव्हा डोळे उघडले म्हणजे शुद्धीवर आला असं नाही, आणि डोळे उघडून बघत नाही म्हणजे आता संपलं असंही नाही. बघायचं ते हे की नजर कशाच्या मागे जाते का. याला सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे छोटा आरसा. त्याच्या चेहऱ्यासमोर धरा, त्याला स्वतःचा चेहरा दिसू दे, मग हळूहळू एका बाजूला न्या. माणसाची नजर दुसऱ्या कशाहीपेक्षा स्वतःच्या चेहऱ्याच्या मागे आधी जाते. कोमातून बाहेर येणाऱ्यांना तपासायच्या पद्धतीतही आरसाच वापरतात. ‘माझा हात दाब’ असं सांगू नका. तळहातात बोट ठेवलं की मूठ वळणं तान्ह्या बाळातही होतं, त्यावरून काही कळत नाही आणि घरचे उगाच हरखून जातात. ‘अंगठा वर कर’, ‘जीभ दाखव’, ‘डोळे घट्ट मिट’, असं एका वेळी एकच सांगा आणि दहा सेकंद थांबा. मार लागलेल्या मेंदूला उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि आपण घाईने तीनदा विचारून मोकळे होतो. तुमच्या रोजच्या भाषेत बोला, घरी ज्या नावाने हाक मारता त्या नावाने. तुम्हाला वेगळं काही दिसलं तर वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. पहिला प्रतिसाद घरच्यांना दिसतो आणि राउंडला दिसत नाही, असं पुष्कळदा होतं, तेव्हा सांगायला संकोच करू नका.

आता सहीचं.

तोंडातली नळी जिभेवरून, स्वरयंत्राच्या मधून श्वासनलिकेत गेलेली असते. ती थोड्या दिवसांसाठीच असते. तिच्यामुळे तोंड नीट साफ करता येत नाही, ओठांना आणि स्वरयंत्राला जखमा होतात, आणि ती सहन व्हावी म्हणून झोपेचं औषध द्यावं लागतं. म्हणजे ज्या मेंदूला जाग यावी म्हणून आपण वाट बघतोय, त्यालाच औषधाने झोपवून ठेवायचं. ट्रॅकिओस्टॉमीत गळ्याच्या खालच्या भागात, श्वासनलिकेच्या दुसऱ्या-तिसऱ्या कडीच्या आसपास छोटं छिद्र पाडून आखूड नळी बसवतात. पुष्कळदा हे पलंगावरच होतं, अर्ध्या तासाच्या आत. नंतर झोपेचं औषध कमी किंवा बंद करता येतं. तोंड मोकळं होतं. छातीतला कफ ओढणं सोपं जातं. व्हेंटिलेटर दिवसा दोन तास काढून बघा, मग चार तास, त्रास झाला तर परत लावा, असं करत करत सोडवता येतो. हातही बहुतेक वेळा सोडता येतात, कारण ही नळी तोंडातल्या नळीइतकी खुपत नाही.

मामांना सांगा, आवाजाच्या तारा या छिद्राच्या वर असतात, त्यांना कुणी हात लावत नाही. आवाज येत नाही तो हवा वरपर्यंत पोचत नाही म्हणून. पुढे नळीचा फुगा रिकामा करून बोलण्याची झडप लावली की नळी असतानाही आवाज फुटतो. नळीची गरज संपली की ती काढतात, वर पट्टी चिकटवतात, आणि छिद्र बहुतेकांचं काही दिवसांत ते दोनेक आठवड्यांत आपोआप बुजतं. मागे रुपयाएवढीही नाही अशी खूण राहते. गळ्यावर ती खूण घेऊन कामावर जाणारी, बोलणारी, भांडणारी माणसं मला ओपीडीत भेटतात. मामांनी पाहिलेला मुका माणूस बहुधा स्वरयंत्राच्या कॅन्सरचा असेल. त्यात स्वरयंत्रच काढतात. ते ऑपरेशन वेगळं.

धोके आहेत, ते लपवत नाही. रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि पुढे कधीतरी श्वासनलिका त्या जागी आक्रसू शकते. सगळ्यात जपायचा काळ पहिला आठवडा. तोवर आतली वाट पक्की झालेली नसते, नळी निसटली तर परत घालणं अवघड जातं. म्हणून त्या आठवड्यात त्याला कुशीवर करताना नळीला हाताचा आधार द्यायचा आणि गळ्यामागची फीत ढिली ठेवायची नाही. हे सिस्टरांचं काम आहे, पण तुमचीही नजर असू दे.

सही करण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न नक्की विचारा: ‘तोंडातली नळी काढून एकदा बघता येणार नाही का?’ हा प्रश्न अपमान करणारा नाही, त्यांनी स्वतः तो विचार केलेलाच असतो. खोकला जोरदार असेल, कफ थोडा असेल, तर एम ५ वरही काही पेशंटची नळी काढून बघतात आणि ते निभावतात. कफ खूप असेल आणि खोकला लेचापेचा असेल, तर काढलेली नळी पुन्हा घाईत घालावी लागते आणि त्यात प्राणवायू कमी पडला तर मेंदूचं आणखी नुकसान होतं. त्याला सक्शन किती वेळा लागतं, कफ पातळ आहे की घट्ट पिवळा, यावर उत्तर ठरतं. डॉक्टरांनी हे सांगून ट्रॅकिओस्टॉमीच बरी असं म्हटलं, तर माझं मत स्पष्ट आहे: सही करा.

‘उद्याच्या उद्या सही’ असा धसका मात्र घेऊ नका. ट्रॅकिओस्टॉमी लवकर करावी की थांबावं, यावर ब्रिटनमध्ये सुमारे ९०० पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. पहिल्या चार दिवसांत केलेल्या आणि दहा दिवस थांबवलेल्या गटांत मृत्यूंचं प्रमाण सारखंच निघालं. थांबलेल्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना तर शेवटी ती लागलीच नाही. त्यात सगळ्या प्रकारचे आयसीयूचे पेशंट होते, डोक्याला मार लागलेले थोडे, म्हणून ते गणित जसंच्या तसं तुमच्या भावाला लावता येत नाही. पण एवढं नक्की, बाबांना विचार करायला आणखी एक दिवस लागला तर तुम्ही भावाचं वाटोळं करत नाही. तुमच्याकडे आज दहावा दिवस आहे, डॉक्टर घाई करत नाहीयेत, वेळेवरच बोलले आहेत.

इथे मला तुमच्या घरात झालेली एक गुंतागुंत सोडवायची आहे. बाबा सही करत नाहीत ते गळ्याच्या नळीमुळे नाही, असं मला पत्रावरून वाटतं. सही केली म्हणजे ‘हा आता असाच राहणार’ हे आपण कबूल केलं, असं त्यांच्या मनात बसलंय. पुष्कळ आईबापांच्या मनात बसतं. त्यांना हे दोन प्रश्न सुटे करून द्या. एक, श्वासाची वाट सुरक्षित करायची का? याचं उत्तर या आठवड्यात द्यायचं आहे. दोन, हा पुढे कसा असेल? याचं उत्तर दहाव्या दिवशी कुणीही देऊ शकत नाही, आणि जो छातीठोकपणे देईल, मग ‘उठून चालत जाईल’ असं असो की ‘काही अर्थ नाही’ असं असो, त्याच्यावर विसंबू नका. वय २४ ही बाजू त्याची आहे. सुधारता एम त्याच्या बाजूचा आहे. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला दोन्हीकडे आक्रसतात का, आणि स्कॅनवर रक्ताच्या गाठीखेरीज मेंदूच्या खोल तंतूंना मार दिसतो का, हे तुम्ही विचारलेलं नाही, ते विचारा. साध्या सिटी स्कॅनमध्ये तंतूंचा मार बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयला दिसतो. डोक्याच्या मारावरचे अभ्यास परिणाम मोजतात ते सहा महिन्यांनी, कारण सगळ्यात वेगाने सुधारणा त्या काळात होते, आणि पुढे वर्ष-दोन वर्षं हळूहळू चालू राहते. काही जण पूर्ण बरे होतात. काही जण चालतात-बोलतात पण राग आवरत नाही, आठवत नाही, कामात मन लागत नाही. काही जणांना कायम दुसऱ्याचा आधार लागतो. यातला तुमचा भाऊ कोणता, ते उलगडायला त्याला वेळ द्यावा लागेल. आणि पुढे काही आठवड्यांनी सुधारणा थांबलीच, तर ‘कुठवर न्यायचं’, म्हणजे मशीनचे उपचार थांबवायचे का, हे बोलण्याची वाटही मोकळी असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ती पद्धत थोडी सुटसुटीत केली. ट्रॅकिओस्टॉमीच्या सहीने ती वाट बंद होत नाही. बाबांना हे जरूर सांगा.

तुमच्या चुलतभावाचं स्टिरॉइडचं म्हणणं त्याने कुठूनतरी खरंच ऐकलेलं असेल, कारण एके काळी ते सर्रास द्यायचे. मेंदूतल्या ट्यूमरभोवतीच्या सुजेला आजही देतात. पण अपघाताच्या मारात ते देऊन बघण्याचा फार मोठा अभ्यास झाला, १०,००८ पेशंटवर, २००४ साली निकाल आले. स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत २१ टक्के दगावले, न दिलेल्यांत १८ टक्के. तेव्हापासून ते बंद झालं. तुमचे डॉक्टर ते देत नाहीत हीच त्यांच्याबद्दल चांगली खूण आहे.

दुसरीकडे हलवायचं असेल तर कारण कोणतं ते आधी ठरवा. विश्वास बसत नाही हे कारण असेल, तर पेशंट हलवू नका, कागद हलवा. स्कॅनची सीडी आणि केसचा सारांश लेखी मागा. कागद मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि दुसऱ्या न्यूरोसर्जनचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला ॲम्ब्युलन्समध्ये घालून शहरभर फिरवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

पैसा हे कारण असेल, तर ते सांगायला लाजू नका. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे सरकारी योजनेच्या कामात मदत करणारा माणूस, बसतो का बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेत असलेल्या हॉस्पिटलातच. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. अपघात मे २०२५ नंतरचा असल्यामुळे केंद्राच्या रस्ते अपघातांसाठीच्या कॅशलेस योजनेत पहिल्या सात दिवसांचे दीड लाखापर्यंतचे उपचार बसतात, तेही विचारा. पोलिसांची एमएलसी (अपघाताच्या केसची) नोंद आणि प्रत्येक बिल जपून ठेवा. आणि ससूनसारख्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचंच ठरलं, तर तिथे खाट मिळाल्याचं आधी फोनवर पक्कं करा आणि ट्रॅकिओस्टॉमी झाल्यावर न्या. गळ्यातली नळी प्रवासात तोंडातल्या नळीपेक्षा पक्की बसते, आणि व्हेंटिलेटर सुटत आला असेल तर खर्चही उतरतो.

पोटातलं हाड. ते तिथे राहू दे, ते तिथे चांगलं राहतं. मेंदू सुजला तर कवटीत फुगायला जागा नसते, म्हणून जागा करून दिलेली आहे. सूज उतरली की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते परत बसवतात. तोवर त्या बाजूला मेंदूवर फक्त कातडी आहे. पट्टीवर मार्करने ‘नो बोन’ लिहिलेलं दिसेल. नसेल तर लिहायला सांगा, कारण कुशीवर करणारे वॉर्डातले मामा आणि मावशी दर पाळीला बदलतात.

भेटीला येणाऱ्यांना एक गोष्ट निक्षून सांगा. अंगारा कपाळाला लावा, खुशाल लावा. तीर्थ, नारळपाणी, चमच्याने दूध, काहीही तोंडात घालायचं नाही. गिळणं तपासून झाल्याशिवाय घातलेला एक घोट फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. त्याचं सगळं खाणं नाकातल्या नळीतून चाललंय, तो उपाशी नाही.

डॉक्टरांशी बोलायला घरातून एकच माणूस ठरवा. पत्रावरून ते तुम्हीच असाव्यात असं मला वाटतं. फाइल वाचायचं धाडस तुम्ही केलंत. मामा, चुलतभाऊ आणि बाबा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या डॉक्टरांना गाठतात तेव्हा प्रत्येकाला अर्धं अर्धं ऐकू येतं, आणि त्या अर्ध्यामुर्ध्याचीच रात्री भांडणं होतात. प्रश्न एका वहीत लिहा, संध्याकाळच्या राउंडला घेऊन जा, उत्तर तिथेच लिहा.

राहिली आई.

आईला आज सांगा. सही करण्याच्या आधी. मला माहीत आहे, तिला बीपी असेल, कुणीतरी म्हटलं असेल की तिला झेपायचं नाही. पण दहा दिवस पाय मोडलेल्या मुलाचा फोन येत नाही, हे तिला कळत नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? ती तुमचे चेहरे बघतेय. आणि उद्या गळ्यात नळी असलेला मुलगा तिने अचानक पाहिला, तर नळीपेक्षा जास्त तिला हे लागेल की सगळ्यांना माहीत होतं आणि आपल्याला नव्हतं.

एकटीने सांगू नका, बाबांना बरोबर घ्या, फोनवर नको, घरी बसून सांगा. ‘डोक्याला मार लागलाय, ऑपरेशन झालंय, अजून पूर्ण शुद्ध नाही, पण दुखलं की हात हलवतो, डोळे उघडतो. श्वासासाठी गळ्यात नळी घालायची आहे, ती पुढे काढता येते.’ एवढंच, आणि यात खोटं काहीच नाही. नंतर ती जे विचारेल त्याचंच उत्तर द्या. ‘वाचेल ना?’ असं विचारलं तर ‘आत्ता धोका आहे, पण पहिल्यापेक्षा बरा आहे’ असं म्हणा. मग तिला पुण्याला आणा. आत नेण्याआधी मशीन, नळ्या, सुजलेला चेहरा, कापलेले केस, बांधलेले हात, सगळं बाहेरच सांगून ठेवा. पहिल्यांदा दोन मिनिटंच आत राहू दे. सिस्टरना आधी सांगा की आई पहिल्यांदाच बघणार आहे, त्या खुर्ची देतील.

आणि आरसा तिच्या हातात द्या.